किनारी सर्वेक्षणाची बोट: साधी की कॅटमरान?

खाडीचे मुख किंवा बंदराचा जलमार्ग नकाशासाठी मोजायचा असेल, तर मच्छीमाराची साधी बोट भाड्याने घेऊन तिच्या कडेला खांबावर मल्टीबीम (ध्वनीच्या अनेक किरणांनी तळाची खोली मोजणारे यंत्र) बसवावा, की सर्वेक्षणासाठीच बांधलेली कॅटमरान, म्हणजे दोन सांगाडे जोडून केलेली बोट, घ्यावी, हा प्रश्न कधी ना कधी समोर येतो. कोकण किनाऱ्यावर मी दोन्ही वापरून पाहिल्या आहेत. नौदलाकडेही दोन्ही बांधणीची जहाजे आहेत: 2012 मध्ये दाखल झालेले ‘मकर’ कॅटमरान आहे, तर 2024 मधले ‘संधायक’ एकाच सांगाड्याचे. मात्र ‘संधायक’सारखे मोठे जहाज उथळ पाण्यातले काम सोबतच्या छोट्या बोटींकडे सोपवते, त्यामुळे आपला प्रश्न त्या बोटींपुरताच आहे.

साधी बोट स्वस्त पडते, समोरून येणारी लाट सहज कापते आणि बिघडलीच तर कोणत्याही बंदरात दुरुस्त होते. माझे बिनसले ते खांबावरून. संध्याकाळी धक्क्यावर बोटी एकीला एक लावून बांधतात, त्यामुळे खांब वर घ्यावाच लागे. सकाळी तो त्याच खुणेवर, त्याच बोल्टांनी आवळला तरी नेमका पूर्वीसारखा बसत नसे. दहा मीटर पाण्यात उभ्या रेषेपासून साठ अंशांवरच्या किरणाला अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे सुमारे 15 सेंटिमीटरची चूक, आणि आंतरराष्ट्रीय मानकातल्या काटेकोर ‘विशेष श्रेणी’च्या कामात त्या खोलीला एकूण मुभाच जेमतेम 26 सेंटिमीटरची. पडद्यावर शेजारशेजारचे मोजलेले पट्टे जुळत नसत. सपाट तळ कौलारू छपरासारखा दिसे. मग रोज पुन्हा पॅच टेस्ट, म्हणजे यंत्र नेमके कोणत्या कोनात बसले आहे याची तपासणी, एकाच रेषेवर येरझाऱ्या, आणि तोवर ज्या भरतीच्या जोरावर खाडीच्या उथळ भागात शिरायचे ती ओसरू लागलेली.

कॅटमरानमध्ये यंत्र दोन सांगाड्यांच्या मधून खाली उतरते आणि खाचेत पक्के बसते. तपासणी तिथेही टळत नाही, पण रोजची राहत नाही. तिचे हेलकावे कमी, तरी ते तुटक असल्याने काहींना अधिक लागतात. डिझेल भरले की ती लगेच खाली बसते, म्हणून डुबाव, म्हणजे बोट पाण्यात किती बुडाली आहे ते, सकाळ-संध्याकाळ नोंदवावा लागतो. शिवाय बोट ढकलणारे पाण्यातले पंखे दोन असल्याने जाळे अडकण्याची धास्तीही दुप्पट.

एकाच धक्क्यासमोरचे दोन दिवसांचे काम असेल, तर साधी बोट पुरेशी ठरावी. पावसाळ्यानंतर गाळाने बदललेली अख्खी खाडी मोजायची असेल, तर माझ्या मते जास्तीचे भाडे देणे परवडते. मी आता कॅटमरानच घेतो. मात्र सोबत गावातला तांडेल असतोच, कारण त्या दिवशी जाळी कुठे टाकली आहेत ते त्यालाच ठाऊक असते.