ट्रस्टचं रुग्णसाहित्य केंद्र, बिबवेवाडी : चार महिने वापरून लिहितेय

पहिलंच सांगते, पेशंटला लागणारे बेड, वॉकर कमी भाड्यानं देणाऱ्या पुण्यातल्या या केंद्राचं नाव लिहिणार नाहीये. तिथल्या काकांनीच हात जोडले, ताई काय लिहायचं ते लिहा पण नाव आणि नंबर टाकू नका, मागे कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला तर हिंजवडीपासून लोणी काळभोरपर्यंतचे फोन यायला लागले आणि आमच्याकडे बेड आहेत अकरा. बिबवेवाडी, अप्परच्या भागात कुठल्याही मेडिकलवाल्याला विचारा, बोट दाखवेल.

तर झालं काय, श्रावणात सासूबाई मोरीत घसरल्या. वय ७४, शुगर आहे, एरवी एकदम टणक बाई, मार्केटयार्डातून दोन्ही हातात पिशव्या घेऊन चालत यायच्या. खुब्याचं हाड मोडलं. एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं (तेही नाव नको), तिथं आधी डिपॉझिट भरा मग बोलू, मिस्टरांची स्कूल व्हॅन आहे, मी मार्केटयार्डात एका गाळ्यावर हिशेब बघते, म्हणजे पैसे कसे उभे केले असतील समजून घ्या, माझी भिशी होती ती मध्येच उचलली आणि नणंदेनं थोडे दिले. हाडात रॉड टाकला. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांबद्दल काही तक्रार नाही. सहाव्या दिवशी डिस्चार्ज, आणि कार्डावर एक ओळ : फाउलर बेड, एअर बेड, वॉकर. संपलं. तो फाउलर बेड म्हणजे काय (हँडल फिरवून पाठ वर करता येते तो, हे नंतर कळलं), एअर बेड कशाला, कुणी काही बोललं नाही, मी विचारलं तर सर्जिकलच्या दुकानात मिळेल म्हणाले.

दुकानात गेलो तर बेडचा भाव ऐकून मिस्टर नुसतेच पंख्याकडे बघत बसले. भाड्यानं पण मिळत होता, पण डिपॉझिटच दहा हजार आणि भाडं वर वेगळं. आमच्या चाळीतल्या एका वहिनींनी हे केंद्र सांगितलं, त्यांच्या सासऱ्यांना पॅरालिसिस झाला तेव्हा त्यांनी तिथूनच सगळं आणलेलं.

केंद्र म्हणजे काय तर देवळामागच्या हॉलला लागून दोन खोल्या. भिंतीला ओळीनं वॉकर आणि कुबड्या टांगलेल्या, कमोडच्या खुर्च्या एकात एक घातलेल्या, कोपऱ्यात बेडपॅन, युरीन पॉट, पाण्याच्या गाद्या घड्या घालून ठेवलेल्या, दोन ऑक्सिजनची मशिनं. प्रत्येक वस्तूवर लाल ऑइलपेंटनं नंबर. टेबलावर जाडजूड रजिस्टर, त्यात नंबर, नाव, तारीख, परत आल्याची सही. कागद काय मागितले तर आधारची झेरॉक्स आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बस. बेडला तीन हजार डिपॉझिट, ते परत मिळतं, आणि महिन्याला तीनशे भाडं, एअर बेडला दीडशे, वॉकरला वीस रुपये. हो, वीस.

मी उत्पन्नाचा दाखला पण घेऊन गेले होते, म्हणलं ट्रस्टचं आहे तर मागतील. काकांनी तो उघडला पण नाही. म्हणाले आम्ही दाखला मागत नाही ताई, मागायला लागलो तर निम्मी माणसं लाजून यायची नाहीत आणि उरलेली तहसील कचेरीत अडकून पडतील, तोपर्यंत पेशंटच्या पाठीला जखमा. आणि खरंच, माझ्यापुढं लाइनीत एक साहेब होते, खाली मोठी गाडी उभी, त्यांनाही तोच दर, तीच पावती. मला आधी जरा खटकलं की यांना कशाला स्वस्तात, पण नंतर वाटलं बरंच आहे, निदान आपण हात पसरायला आलोय असं वाटत नाही, त्यांनी जाताना डब्यात बरेच पैसे टाकले ते पण बघितलं.

आता खरी गोष्ट सांगते. स्वस्त वस्तू काय, शोधली की मिळते. तिथं एक सिस्टर आहेत, केईएममधून रिटायर झालेल्या, पुण्याच्या रास्ता पेठेतलं केईएम हॉस्पिटल. आठवड्यातून दोन दिवस येतात आणि ज्यांनी पहिल्यांदा बेड नेलाय त्यांच्या घरी स्वतः जाऊन बघतात. पैसे घेत नाहीत, रिक्षाचे पण नाही, चहा घेतात बिनसाखरेचा. आमच्याकडे आल्या तेव्हा आम्ही बेड लावून दोन दिवस झाले होते आणि आम्हाला वाटत होतं सगळं बरोबर लावलंय.

एकूण एक चुकलेलं होतं. एअर बेडचं मशिन आम्ही खाली फरशीवर ठेवलेलं, पायात यायचं, ते पायथ्याच्या दांडीला अडकवायचं असतं, मागं हूक असतातच. गादीवर आम्ही आणखी एक जाड गोधडी घातलेली, का तर आईंना ते प्लॅस्टिक गरम लागत होतं. सिस्टरनी गोधडी काढली, एकच पातळ सुती चादर घातली, म्हणाल्या यात हवेच्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात, म्हणजे एकाच जागी दाब राहत नाही, तू वर गोधडी घातलीस तर कशाला हवी ती गादी. तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, गादी आहे म्हणून बसून राहायचं नाही. टाचांखाली नाही, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते. शुगरवाल्या माणसाची टाच रोज बघायची, लाल दिसली आणि बोट दाबून सोडल्यावर लालच राहिली तर समजायचं सुरुवात झाली. हे त्यांनी माझं बोट धरून दाबून दाखवलं.

मग वॉकर. आम्ही आणला तसाच दिला होता, आई त्यावर वाकून चालायच्या आणि पाठ दुखते म्हणून ओरडायच्या, आम्हाला वाटलं नाटक. सिस्टरनी आईंना सरळ उभं केलं, हात खाली सोडायला लावले आणि मनगटाच्या सांध्यापाशी दांडी येईल असे चारी पायांचे खटके वर केले. दोन मिनिटांचं काम. धरल्यावर कोपर जरासं वाकलेलं राहिलं पाहिजे. एका पायाचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालेलं, ते पिशवीतून नवीन काढून बसवलं, म्हणाल्या आधी मोरीत घसरल्या, आता वॉकरवरून घसरायच्या. आणि बेडचं हँडल, पाठ वर करायचं, ते फिरवून झालं की आत दुमडायचं. आमच्या मिस्टरांच्या नडगीवर दोन निळे डाग आधीच पडलेले.

बेडवरून एक गंमत झाली. डोक्याच्या बाजूला पाटी होती, कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. आईंनी चष्मा लावून वाचली आणि सुरू, मेलेल्याच्या पलंगावर झोपवता का मला, त्यापेक्षा खाली सतरंजीवर टाका. आम्ही समजावून थकलो. सिस्टर म्हणाल्या, अहो आजी, ज्यांचं नाव आहे ते यावर झोपलेच नव्हते, त्यांच्या मुलांनी नवा घेऊन दिलाय, आणि या बेडवरून मागची दोन्ही माणसं स्वतःच्या पायानं उठून गेलीत. खरं का खोटं देव जाणे. आईंनी मानलं, पण पाटीवर महालक्ष्मीचं कॅलेंडर लावून घेतलंच.

सिस्टर बोलक्या आहेत. त्यांनी डॉ. बानू कोयाजींच्या हाताखाली काम केलंय. मला ते नाव फक्त ऐकून माहीत होतं. बानूबाई १९४४ साली केईएममध्ये आल्या तेव्हा ते छोटंसं प्रसूतिगृह होतं, त्यांनी ते एवढं मोठं केलं, आणि नंतर शिरूर तालुक्यात वढूला ग्रामीण प्रकल्प उभा केला, गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याचं काम करायला लावलं. १९९३ ला मॅगसेसे मिळालं त्यांना. सिस्टर वढूला होत्या काही वर्षं. म्हणाल्या, तिथं एक कळलं, औषध गावात पोचवणं सोपं असतं, ते कसं घ्यायचं हे सांगायला गावातलंच माणूस लागतं. तसलंच जामखेडला आरोळे डॉक्टर नवरा-बायकोनी १९७० पासून केलं, तिथंही गावातल्या कमी शिकलेल्या बायकाच. मी म्हणलं सिस्टर आता आपल्याकडे आशाताई आहेत की, तर म्हणाल्या आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर किती रजिस्टरं आहेत ते पण विचार एकदा.

त्यांच्याकडूनच हॉस्पिटलचं कळलं आणि मला रात्री झोप लागली नाही. ज्या हॉस्पिटलात आम्ही डिपॉझिट भरलं ते पण ट्रस्टचंच आहे, पाटीवर लिहिलंय, मला वाटायचं नुसतं नाव असेल. तर अशी धर्मादाय हॉस्पिटलं १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली येतात आणि २००६ मध्ये हायकोर्टानं ठरवून दिलेली योजना त्यांना लागू आहे. १० टक्के खाटा निर्धन पेशंटला फुकट, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि त्यासाठी बिलांच्या रकमेतले २ टक्के वेगळ्या फंडात टाकायचे. निर्धन, दुर्बल पेशंटकडून अ‍ॅडमिशनला डिपॉझिट मागायचं नाही असंही त्यात आहे. आम्ही त्यात बसलो असतो का नसतो ते पुढचं, पण विचारायला तर पाहिजे होतं ना, आणि त्यांनी सांगायला. या योजनेचा बोर्ड होता म्हणे. नंतर फॉलोअपला गेले तेव्हा मुद्दाम शोधला, होता, पण त्याच्यापुढं पाणी प्यायचं मोठं मशिन. सोशल वर्करची खोली तळघरात. आता कुणालाही अ‍ॅडमिट करायचं असेल तर बिलिंगच्या खिडकीच्या आधी त्या खोलीत जा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, हे माझ्याकडून फुकटचं घ्या. तो दाखला केंद्रात उपयोगी नाही पडला, तिथं पडला असता.

आता केंद्राच्या तक्रारी, कारण उगाच आरती ओवाळायची नाहीये.

एक तर पायऱ्या. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या वस्तूंचं केंद्र आणि चढायला सात पायऱ्या, बाजूला कठडा पण नाही. माझ्यादेखत एक आजोबा कुबडी बदलायला आले होते, ते खालीच रिक्षात बसून राहिले आणि काका वरून कुबड्या आणून आणून दाखवत होते, चपलेच्या दुकानासारखं. रॅम्पचं विचारलं तर जागा देवस्थानची आहे म्हणतात, चार वर्षं अर्ज पडून आहे.

वेळ सकाळी १० ते १२ आणि संध्याकाळी ६ ते ८, गुरुवारी बंद. आम्हाला दिलेला पहिला एअर बेड बुधवारी रात्री बसला, एका नळीतून हवा जात होती, आणि गुरुवार मध्ये आला. शुक्रवारी संध्याकाळी बदलून मिळाला. ते दोन दिवस मी आणि मिस्टर अलार्म लावून आळीपाळीनं उठत होतो. बदलून दिला तो पण पंक्चर काढलेलाच, पण चालला शेवटपर्यंत. तिथं टेबलावर बसणारे सगळे काका लोक, त्यामुळं बायकांना बेडपॅन, डायपर असलं काही विचारायचं म्हणजे जीभ अडखळते, सिस्टर असतील त्याच दिवशी जावं. बेड न्यायचा टेम्पो आपला आपण बघायचा, आम्हाला अप्परपर्यंत सहाशे घेतले.

पंक्चरवरून काकांशी वाद घातला तेव्हा त्यांनी आतली खोली उघडून दाखवली. व्हीलचेअर एकोणीस. एकोणीस! काही तर प्लॅस्टिकसकट. लोक वाढदिवसाला, बाराव्याला व्हीलचेअर देतात कारण फोटो चांगला येतो, पेपरात येतो. एअर बेडचं मशिन दुरुस्त करायला कोण देणगी देतं? रबरी बुचांवर कुणाच्या आजीचं नाव लिहिणार? ते पैसे भाड्यातून काढतात, भाडं वाढवायचं नाही असं ठरलंय, म्हणून मशिनं दुरुस्तीला वेळ लागतो. ऐकून राग गेला असं नाही पण माझा आवाज खाली आला. तुम्हाला कुणाच्या नावानं द्यायचंच असेल तर आधी तिथं जाऊन विचारा काय पाहिजे, आत्ता एअर बेड आणि कमोडच्या खुर्च्या कमी आहेत. आणि मला तरी वाटतं की हे सगळं महापालिकेच्या दवाखान्यांमधूनच मिळायला हवं, दोन खोल्यांतल्या रिटायर माणसांनी अख्ख्या उपनगराचं ओझं किती दिवस उचलायचं, त्यातले एक काका स्वतः गुडघ्याला पट्टा लावून बसतात.

५ पैकी ४ स्टार. एक पायऱ्यांसाठी कापला. सिस्टरना वेगळे द्यायची सोय असती तर दिले असते.

बेड कार्तिकात परत केला. म्हणजे केंद्रात गेलाच नाही, वडगाव शेरीहून एक मुलगा त्याच्या वडिलांसाठी थेट आमच्याकडूनच घेऊन गेला, टेम्पोचे पैसे निम्मे निम्मे केले, डिपॉझिट दुसऱ्या दिवशी मोजून परत मिळालं. कॅलेंडर काढायला गेले तर आई म्हणाल्या राहू दे, त्यांनाही लागेल. हँडल कसं दुमडायचं ते मिस्टरांनीच त्याला दाखवलं, स्वतःची नडगी दाखवून. वॉकर मात्र अजून आमच्याकडंच आहे. आईंना आता काठीवर चालता येतं, पण महिन्याला वीसच तर रुपये आहेत म्हणून त्या सोडत नाहीत, त्यावर टॉवेल वाळत घालतात. काकांचे दोन फोन येऊन गेले, या शनिवारी नक्की नेऊन देते.