प्रेत की ताठ उभा राहिलेला जिवंत माणूस?

व्हिक्टोरियन काळातला, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला, जुना फोटो विकताना विक्रेता हमखास पायांमागच्या लोखंडी स्टँडकडे बोट दाखवतो: ‘बघा, प्रेत उभं केलंय.’ उलट तो स्टँड जिवंत माणसाचाच पुरावा. एक्स्पोजर, म्हणजे फोटो उमटायला लागणारा वेळ, कित्येक सेकंदांचं, तेवढ्यात मान हलू नये म्हणून मागून टेकू द्यायचे. प्रेताचं वजन त्या दांड्याला पेललंच नसतं. आणि ते पांढरट, भुतासारखे डोळे? कोलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या फोटोच्या काचेवर निळा रंग फिकट उमटायचा. निळ्या डोळ्यांचा माणूस तसाच दिसणार. बाळ हलू नये म्हणून त्याला धरून कापडाखाली लपलेल्या आईच्या मांडीवरचं ते बाळही बहुधा जिवंतच, चुळबुळ्या!

मृत्यूनंतरचा खरा फोटो सहसा असली लपवाछपवी करत नाही. माणूस पलंगावर नाहीतर शवपेटीत आडवा, डोळे बहुतेकदा मिटलेले, आजूबाजूला फुलं. लहान मूल आईच्या कुशीत झोपल्यासारखं; आईचा चेहरा मात्र बघवत नाही. १८३९ मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो, आल्यानंतरच्या त्या दशकांत कित्येक घरांत लेकराचा तेवढा एकच फोटो असे.

उभ्या ‘प्रेता’साठी मी एक रुपयाही जास्त देणार नाही. मागे नाव आणि मृत्यूची तारीख लिहिलेली असेल तर थांबेन, तेही अक्षर ताजं नाही ना हे बघून.