ग्लुकोसामाइन, आठ बाटल्या: जबडा उघडेना आणि गोळी चिंचोक्याएवढी

दिवाळीत माझा नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचा साचा, तडकला, म्हणून हे लिहितेय. नाहीतर या गोळ्यांना चार तारे देऊन मी कधीच मोकळी झाले असते.

आजार थोडक्यात: उजव्या कानापुढे करकर, वाळूवर चप्पल घासल्यासारखी. स्कॅनमध्ये जबड्याच्या सांध्याचं डोकं चपटं झालेलं, कडेला हाड वाढलेलं. म्हणजे झीज. तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी रात्रीसाठी गार्ड दिला, कडक चावणं बंद केलं आणि 'तीन महिने घेऊन बघा' म्हणत ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन ही सांध्यांच्या झिजेवर देतात ती गोळी लिहिली.

आता ती गोळी. जबड्याच्या रुग्णाला एवढी मोठी गोळी द्यायचं कोणाच्या डोक्यातून आलं? दोन बोटांच्या फटीतून चिंचोका सरकवायचा आणि वर तो गिळायचा! पहिला आठवडा मी सासऱ्यांच्या अडकित्त्याने चार तुकडे करून घेतली. तुकडा केला की वास सुटतो, सोड्यांचा डबा उघडल्यासारखा. त्यात नवल नाही, ग्लुकोसामाइन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्याच्या कवचापासूनच काढतात. मक्यापासून केलेलंही मिळतं, पण मेडिकलवाल्याने भाव सांगितला आणि मी कोळंबीवरच राहिले.

बाटलीवर पुढे ठळक १५०० मि.ग्रॅ. मागे मुंगीच्या अक्षरात: दोन गोळ्या मिळून. म्हणजे ६० गोळ्यांची बाटली दोन महिने नाही, एकच महिना. १,१४० रुपये गुणिले आठ. करा हिशेब.

तिसऱ्या महिन्यात मात्र तोंड तीन बोटं उघडलं. जांभई देताना कान धरावा लागेना. भिशीत तिघींना मी बाटलीचा फोटो पाठवला. त्या तिघींची आधीच माफी मागते.

कारण गार्ड तडकल्यावर क्लिनिक म्हणालं, 'गरम पाण्यात धुतला असेल, बदलून मिळणार नाही.' मी आयुष्यात तो गरम पाण्यात घातला नाही. भांडणात आणि नवा बनण्यात १९ दिवस गेले. गोळ्या रोज चालू, एक चुकली नाही. तरी पाचव्या दिवशी कानापुढची कळ परत. नवा गार्ड लावला, पंधरा दिवसांत उतरली. मग डिसेंबरात गोळ्याच बंद करून पाहिल्या. दोन महिने झाले, तीन बोटं ती तीन बोटंच.

त्यानंतर वाचत बसले. ते एप्रिलमध्येच करायला हवं होतं. २००६ साली अमेरिकेतल्या गुडघ्याच्या १,५८३ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले, त्यात एकूण रुग्ण धरता या गोळ्या औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा ठळक सरस ठरल्या नाहीत. जबड्यावर २००१ ची कॅनडातली चाचणी आहे. तिथे ग्लुकोसामाइन आणि आयबुप्रोफेन हे वेदनाशामक, दोन्हींनी दुखणं कमी झालं, पण नकली गोळीचा गटच नव्हता. २०११ च्या स्वीडनमधल्या चाचणीत तो ठेवला, रोज १२०० मि.ग्रॅ., सहा आठवडे. फरक निघाला नाही. शिवाय जबड्याच्या सांध्यावरची कूर्चा, म्हणजे मऊ हाडाचा थर, तंतुमय असते, गुडघ्यासारखी नाही, मग गुडघ्याचा पुरावा इथे चिकटवायचा तरी कसा?

माझा हा एका जबड्याचा प्रयोग, हे कळतं मला. कोणाला गुण आला असेल तर आनंद आहे. पण ९,१२० रुपयांत दोन गार्ड आले असते आणि एक फुटला तरी दुसरा डब्यात तयार असता.

आठव्या बाटलीत २२ गोळ्या उरल्यात. सासूबाईंनी गुडघ्यासाठी मागितल्या, 'टाकून कशाला देतेस, एवढ्या महागाच्या!' त्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारं औषध, घेतात. त्यावर ग्लुकोसामाइन घेतलं तर रक्त जास्तच पातळ होऊ शकतं, म्हणून दिल्या नाहीत. हे कारण त्यांना पटेना. मग कोळंबीचं सांगितलं. लगेच पटलं.