नव्या रंगाखालची लांबी: सेकंडहँड कार्बन सायकल घेताना होणारी फसवणूक

जाहिरातीचा मजकूर बहुतेक वेळा असाच असतो. "जेमतेम २००० किलोमीटर चाललेली, किरकोळ ओरखडे होते म्हणून रिपेंट केली, कधीही पडलेली नाही." फोटो उन्हात काढलेले, रंग ताजा, किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी, आणि उद्या दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याची घाई. घेणारा गिअर बदलून बघतो, सोसायटीत एक चक्कर मारतो आणि पैसे पाठवतो. थोड्या दिवसांनी चढावर जोर लावला की डाउनट्यूबमधून, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरप्या नळीतून, कटकट आवाज यायला लागतो. पेडलांच्या मधलं बॉटम ब्रॅकेट बदलून होतं, हँडलखालच्या बेअरिंगला, म्हणजे हेडसेटला, ग्रीस लावून होतं, आवाज तसाच. शेवटी रंग घासल्यावर खाली निघते मोटारीच्या पत्र्याला भरतात ती लांबी, आणि लांबीखाली कार्बनचे तुटलेले तंतू.

आधीच्या मालकाने सायकल पाडली, हा गुन्हा नाही. कार्बन फ्रेमची दुरुस्ती होते आणि नीट केली तर ती टिकतेही. मात्र त्यासाठी तुटलेल्या जागेच्या भोवतीचे थर उतरते घासावे लागतात, मूळ तंतूंच्या दिशेने नव्या कापडाचे थर इपॉक्सीत बसवावे लागतात, दाब देऊन आणि ठरलेल्या तापमानाला ते पक्के करावे लागतात. लांबीने यातलं काहीच होत नाही. फ्रेमवरचा ताण तंतू पेलतात, लांबी फक्त खड्डा बुजवते. पोलाद वाकतं, ॲल्युमिनियमला चीर दिसते. कार्बनचे थर मात्र आतल्या आत एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा लॅकर शाबूत राहतो, आणि भार हद्दीपलीकडे गेला की नळी एकदम जाते. म्हणून कार्बनमध्ये खोटं बोलणं सोपं असतं आणि त्याची किंमत घेणाऱ्याच्या जबड्याला किंवा गळपट्टीच्या हाडाला मोजावी लागते.

सायकल बघायला जाताना ४ आणि ५ मिमीच्या एलन की, छोटी टॉर्च, पांढरा सुती फडका आणि एक नाणं न्या. सगळ्यात आधी पुढचं चाक धरणारा फोर्क उघडायचा. फ्रेमची चिंता सगळे करतात, फोर्कची वर हँडलपर्यंत जाणारी नळी, म्हणजे स्टिअरर ट्यूब, कुणी बघत नाही, आणि ती तुटली तर हँडल हातात येतं, सावरायला वेळच मिळत नाही. पुढचं चाक काढा, डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर फोर्कवरून सोडवा, टॉप कॅपचा बोल्ट काढा, फोर्क खालून धरून स्टेमचे (हँडलबार स्टिअररला जोडणारा तुकडा) दोन बोल्ट ढिले करा आणि फोर्क खाली ओढून घ्या. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या (होज) हेडसेटमधून गेलेल्या नव्या बाइकवर हे पटकन होत नाही. ती दुकानात नेऊनच उघडा, मजुरी आपण द्या. विकणारा फोर्क काढू देत नसेल तर व्यवहार तिथेच सोडा. यावर आमचं दुसरं मत नाही.

स्टिअरर फडक्याने पुसून दोन जागा बघायच्या: स्टेमची खालची कड जिथे टेकते ती, आणि तळाशी खालच्या बेअरिंगची कडी, म्हणजे क्राउन रेस, बसते ती. आडवी, केसासारखी रेघ, पांढुरका पट्टा किंवा बोटाला लागणारी खाच दिसली तर फोर्क बाद. फडका धाग्याने अडकला तर तिथे तंतू उघडे पडलेत, त्यावरून उघडं बोट फिरवू नका, कुसळ आत जातं. मग टॉर्च आत मारा. कार्बन स्टिअररमध्ये आतून फुलणारा एक्स्पांडर प्लग हवा, आणि तो स्टेमच्या पकडीच्या पातळीवर हवा, कारण स्टेम बाहेरून आवळतो तेव्हा भिंतीला आतून आधार तोच देतो. ॲल्युमिनियमच्या फोर्कमध्ये वापरतात तो पाकळ्यांचा स्टार नट इथे हातोडीने ठोकून बसवलेला दिसला तर त्याच्या पाकळ्यांनी आतले तंतू कापलेले असतात. असा फोर्क फुकट मिळाला तरी घेऊ नका. दुरुस्त केलेला स्टिअररही नको. फ्रेम दुरुस्त करणारे जाणकारसुद्धा ते काम सहसा हातात घेत नाहीत.

आता फ्रेम. नाण्याने हलके ठोके देत दर दोन सेंटिमीटरवर आवाज ऐका. चांगल्या जागी तो खणखणीत येतो, लांबी असेल किंवा थर सुटले असतील तर बद्द येतो. नळीची जाडी मुळातच जागोजागी बदलते, म्हणून एकट्या ठोक्यावर निकाल देऊ नका. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांची, डावा चेनस्टे आणि उजवा चेनस्टे, डावा सीटस्टे आणि उजवा सीटस्टे, अशी जोडीने तुलना करा. हेडट्यूबच्या मागे डाउनट्यूबचा सुरुवातीचा भाग आणि वरच्या नळीवर (टॉपट्यूब) हँडलचं टोक आपटतं ती जागा यांना जास्त वेळ द्या. उन्हात तिरपं बघितलं की भरलेल्या जागेवर प्रकाशाची रेघ लाटेसारखी वाकते. नाण्याला न सापडणारी चीरही असते, शंका राहिली तर अल्ट्रासाउंड तपासणीला पर्याय नाही.

नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नकली हँडलबारची गोष्ट वेगळी. नामांकित कंपनीचा लोगो, किंमत असलीच्या पाव हिश्शाची, आणि वर "टी ८००" असं छापलेलं. तो आकडा खरा असला तरी फक्त धाग्याचा दर्जा सांगतो. थर किती, कोणत्या कोनात, तंतू चिकटवणारं रेझिन कोणतं, साच्यात दाब किती, यातलं तो काहीच सांगत नाही. उघड्या टोकातून टॉर्च मारली तर आत सुरकुतलेले थर आणि साचलेलं रेझिन दिसतं. सायकलींच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ ४२१० मध्ये, हँडलबार आणि स्टेमच्या चाचण्या ठरवून दिलेल्या आहेत. "आयएसओ टेस्टेड" म्हणणाऱ्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा, तो सहसा मिळत नाही.

असली मालही तुटतो. २ मार्च २०२१ रोजी बेल्जियममधल्या ले सामिन शर्यतीत डच सायकलपटू मात्यू व्हान डर पूलच्या कॅन्यन कंपनीच्या एरोड सायकलचा हँडलबार शर्यत चालू असताना मोडला. कंपनीने त्या मॉडेलच्या मालकांना सायकल चालवणं थांबवायला सांगितलं. नकली बार तुटला तर बाकीच्यांना "थांबा" असं कळवणारं कुणीच नसतं. पैसे देण्याआधी सिरीयल नंबर अधिकृत वितरकाला कळवून खात्री करून घ्या.

स्वस्तातल्या रिमब्रेकच्या कार्बन चाकांबद्दल थोडक्यात. सिंहगडासारख्या उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की रिम तापते, हलक्या दर्जाचं रेझिन मऊ होतं आणि टायरमधली हवा रिमची कड बाहेर ढकलते. जुनी चाकं घेताना व्हर्निअरने ब्रेक लागतो तिथली रुंदी सात-आठ जागी मोजा. एखाद्या जागी फुगवटा आला तर चाक नको.

वस्तू तुटल्यावर विकणाऱ्याचं उत्तर तयार असतं: "तुम्हीच बोल्ट जास्त आवळले." त्याला तोंड द्यायची तयारी पहिल्या दिवशी करा. बऱ्याच स्टेमवर बोल्ट आवळण्याच्या जोराची (टॉर्क) ५ न्यूटन मीटरची मर्यादा छापलेली असते. स्टेम आणि बारवरचे आकडे वेगळे असतील तर लहान आकडा धरा. टॉर्क रेंच वापरा, पकडीच्या जागी ग्रीस नको, पकड वाढवणारी कार्बन पेस्ट लावा. जोडणी दुकानात केली तर बिलावर टॉर्कचा आकडा लिहून घ्या.

आणि विकणाऱ्याकडून "पडलेली नाही, दुरुस्ती केलेली नाही" हे मेसेजमध्ये लिहून घ्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढा, फ्रेम नंबरचा फोटो ठेवा. दुकानदाराने फसवलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैसे घेऊन वस्तूच पाठवली नाही तर त्याच तासात सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. जाणूनबुजून खोटं सांगून विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक आहे, आणि तेव्हा तो लेखी मेसेजच कामी येतो.

तुटलेला भाग तोवर पुरावा आहे, घासू नका, रंगवू नका. प्रकरण मिटलं की मास्क लावून, ओल्या फडक्यावर धरून, करवतीने त्याचे दोन तुकडे करा. भंगारात अख्खा फोर्क टाकला तर तो रंग लावून पुन्हा विकायला येतो.