नातं तपासायचं ॲप: रक्ताचं चोख, दुधात घोळ

धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा हे ॲप मी डाउनलोड केलं, आणि आता चार महिने वापरून झाल्यावर लिहितेय. नाव देत नाही, कारण याच धाटणीची अजून दोन ॲप बघितली आणि थोड्याफार फरकाने घोळ तोच आहे. काम साधं आहे, शरीयतप्रमाणे (इस्लामी नियमांप्रमाणे) कुणाशी निकाह म्हणजे लग्न चालतं ते सांगायचं. आपण कोण आणि समोरची व्यक्ती नात्याने कोण ते निवडायचं, चारपाच प्रश्नांची उत्तरं द्यायची, की रंग दाखवतं. लाल म्हणजे निकाह कायमचा हराम, पिवळा म्हणजे सध्यापुरता, हिरवा म्हणजे चालतो.

आधी चांगलं सांगते. कुरआनातल्या सूरह निसा या अध्यायाच्या २२ ते २४ या आयतींमध्ये जी नाती आलीयत ती सगळी आहेत, आणि नुसती यादी टाकलेली नाही. रक्ताची सात, म्हणजे आई, मुलगी, बहीण, आत्या, मावशी, पुतणी, भाची, आणि आई म्हटल्यावर आजी-पणजी वर कितीही, मुलगी म्हटल्यावर नात-पणती खाली कितीही, हे व्यवस्थित समजावलंय. लग्नामुळे येणाऱ्या नात्यांत तर मला खरंच आवडलं की सासू आणि बायकोची आधीची मुलगी यांना एकाच डब्यात टाकलेलं नाही. सासू नुसता निकाह झाला की कायमची हराम, पुढे तलाक झाला तरी. पण सावत्र मुलगी तेव्हाच हराम होते जेव्हा तिच्या आईशी संसार सुरू झालेला असतो, नुसत्या निकाहवर तलाक झाला तर नाही. ॲप हा प्रश्न नीट विचारतं, आणि मी बघितलंय की भले भले इथे अडखळतात. बायकोची बहीण पिवळी दाखवतं तेही बरोबर, दोघी बहिणी एका वेळी नाहीत, पहिलीचा मृत्यू झाला किंवा तलाक होऊन इद्दत (तलाक किंवा नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईने थांबायचा ठरावीक काळ) संपली की हरकत नाही. आत्या आणि भाची, मावशी आणि भाची या जोड्याही एका वेळी नाहीत, ते हदीसमधून (पैगंबरांच्या वचनांमधून) येतं, तेही घेतलंय.

आता भाषेचं. ॲप मूळ इंग्रजीत बनवलेलं आणि मग मराठी केलेलं, हे दुसऱ्याच स्क्रीनवर कळतं कारण तिथे 'आंटी' असा एकच पर्याय आहे आणि तो दाबला की लाल. अहो, आत्या आणि मावशी लाल, काकू आणि मामी नाही! काका वारले आणि इद्दत संपली तर काकूशी निकाह शरीयतमध्ये चालतो, लोक करोत न करोत तो वेगळा विषय. आपल्या भाषेत हे चार वेगळे शब्द आयते आहेत आणि जिथे फिकह (इस्लामी कायदेशास्त्र) फरक करतो नेमका तिथेच मराठीही करते, मग तो फरक पुसून टाकायचा कशाला? उलट चुलतबहीण, मामेबहीण म्हणताना आपण शेवटी 'बहीण' म्हणतो म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की ती पण हराम, तर तसं नाही, चुलत-मामे-आते-मावस चारही चालतात, सूरह अहजाबच्या ५० व्या आयतीत आहे. तिथे ॲपने 'कझिन' लिहून हिरवा दिलाय, म्हणजे उत्तर बरोबर पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो शब्द कळायचा कसा.

खरी तक्रार पुढे आहे, दुधाच्या नात्याची, आणि ती मला आमच्याच घरात भोगावी लागली. इस्लाममध्ये तान्हेपणी ज्या बाईचं दूध प्यायलं ती दूधआई होते, आणि तिच्या मुलांशी निकाह सख्ख्या भावंडांसारखाच हराम.

भावासाठी मावशीची मुलगी बघितली होती. सगळं जुळलं. एका संध्याकाळी आई सहज बोलून गेली की मी तीन महिन्यांची असताना तिला जोराचा ताप होता आणि जवळजवळ आठवडाभर मावशीनेच मला पाजलं. मी लगेच ॲप उघडलं. प्रश्न आला, 'तुमच्या घरातलं कुणी या मुलीच्या आईचं दूध प्यायलं आहे का?' मी 'हो' दाबलं. स्क्रीन लाल. भावाने फोन माझ्या हातातून घेतला, बघितला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि उठून गेला. आई त्या रात्री जेवली नाही, एकच म्हणत राहिली की मी तोंड उघडलं नसतं तर बरं झालं असतं. तीन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

चौथ्या दिवशी मुफ्तींना, म्हणजे धर्माचा निवाडा सांगणाऱ्या आलिमांना, फोन लावला. त्यांनी आईला तीनच गोष्टी विचारल्या. कोण प्यायलं? केवढं असताना? आणि या मुलीला तुम्ही स्वतः कधी पाजलंत का? आईने सांगितलं, फक्त मोठी प्यायली, हा नाही, आणि त्या मुलीला मी कधीच नाही. मुफ्ती म्हणाले, मग मुलाला काहीच अडचण नाही, दूध मुलीने प्यायलं, नातं मुलीचं जुळलं.

हेच ते ॲप बनवणाऱ्यांना कळलेलं नाही. दूध पिणारं मूल एकटं त्या घरात जातं, त्याची सख्खी भावंडं जात नाहीत. मी मावशीची दूधमुलगी झाले म्हणून तिची सगळी मुलं माझी दूधभावंडं, माझ्या आधी जन्मलेली पण आणि नंतरची पण, आणि मावशीचे यजमान माझे दूधवडील. भाऊ मात्र जिथे होता तिथेच. उलट ती मुलगी जर माझ्या आईचं दूध प्यायली असती तर आम्हा सगळ्या भावंडांची बहीण झाली असती आणि विषयच संपला असता. म्हणजे कोण प्यायलं यावर सगळं उभं आहे आणि ॲप विचारतं 'घरातलं कुणी'!

किती वेळा प्यायलं हे तर विचारतच नाही. सुन्नींच्या चार फिकह-शाखांपैकी हनफी आणि मालिकी मसलकात एकदा पोटात गेलं तरी पुरे, शाफई आणि हंबलीमध्ये पाच वेळा, शिया जाफरींमध्ये लागोपाठ पंधरा वेळा किंवा पूर्ण एक दिवस-रात्र. वयाची अट बहुतेकांकडे चांद्र दोन वर्षं, हनफी शाखेच्या इमाम अबू हनीफांकडे अडीच. हे न विचारता लाल-हिरवा देणं म्हणजे एखाद्याचं लग्न मोडणं किंवा नको ते लावून देणं, दोन्ही होऊ शकतं. दूधबँकेचा (जिथे आयांनी दिलेलं दूध इतर बाळांसाठी साठवतात) तर उल्लेखच नाही, खरं तर १९८५ मध्ये जेद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने याच कारणावरून दूधबँकांना नाही म्हटलं होतं, की कुणाचं दूध कुणी प्यायलं तेच कळणार नाही, आणि २००४ मध्ये युरोपच्या फतवा परिषदेने मुभा दिली. आज कमी दिवसांच्या बाळांना असं दूध देतात, त्यांच्या आईबापांना हा प्रश्न उद्या पडणारच आहे.

बुखारी या हदीससंग्रहात पैगंबरांचे साथीदार उकबा बिन हारिस यांची हदीस आहे, लग्न झाल्यावर एका बाईने येऊन सांगितलं की मी तुम्हा दोघांना पाजलंय, उकबा तसेच मक्केहून मदिनेला पैगंबरांकडे (स.) गेले आणि शेवटी बायकोपासून वेगळे झाले. लग्नानंतर कळणं किती अवघड असेल, म्हणून तर आधी नीट विचारणारं काहीतरी हवं ना.

आमच्याकडे एक गोष्ट मात्र यातून निघाली. मावशीचा मोठा मुलगा आला की मी इतकी वर्षं आतल्या खोलीत जायचे, तो माझा महरम (ज्याच्याशी निकाह कधीच होऊ शकत नाही, म्हणून पडदा लागत नाही) निघाला. परवा पहिल्यांदा समोर बसून बोललो, तो म्हणाला, "ताई, मला पण आत्ताच कळतंय." मावशी बाजूला बसून रडत होती.

ॲपवाल्यांना सगळं सविस्तर कळवलं, दोन ओळींचं ठरावीक उत्तर आलं, प्रश्न अजून तसाच आहे. रक्ताची आणि लग्नाची नाती बघायला वापरा, तिथे भरवशाचं आहे, काकू-मामी सोडून. दुधाचा विषय असेल तर आईला विचारा, मावशीला विचारा, आणि मग थेट मुफ्तींना फोन करा. पाचपैकी तीन स्टार, 'घरातलं कुणी' काढून 'तुम्ही स्वतः' केलं की चौथा देईन.