गादी घेताना दाबून पाहू नका, काट्यावर ठेवून पाहा: कापूस, काथ्या का फोम?

बहिणीचं लग्न वैशाखात आहे. आंदणात पलंग आला म्हणजे गादी आलीच, त्यात आई म्हणते माह्या कमरेसाठी पण एखादी पाह्य बावा, म्हणून मागचा महिनाभर मी हिंगणघाट, वर्धा आणि एकदा नागपूर असा गाद्या दाबत हिंडलो. दुकानात आपण काय करतो, पंजानं दाबतो, वर बसून दोनदा हिसका देतो अन् मस्त आहे म्हणतो. त्यानं काही म्हणजे काही कळत नाही, कारण नवी असताना दोन हजाराची गादी पण मस्तच लागते.

हे मी अनुभवानं सांगतो. तीन वर्षांआधी एका दुकानातून ६ फूट बाय ५ फूट, ६ इंची गादी आणली होती, साडेसात हजाराची. दुकानदार म्हणाला पूर्ण रिबॉन्डेड आहे, दहा वर्ष पाहायचं काम नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मधात खड्डा, रात्री दोघंही घरंगळत मधातच येतो. या दिवाळीत खोली काढताना बाबांनी ती उचलली अन् म्हणाले, "काहून रे, हे इतकी हलकी कशी?" आणि सरळ नेऊन कापूस मोजायच्या काट्यावर टाकली. १९ किलो.

आता हिशोब पाहा, एकदाच समजून घ्या, जन्मभर कामी येतो. फोमची डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोमध्ये. ६ बाय ५ ची ६ इंची गादी म्हणजे १५ घनफूट, आणि एका घनमीटरात साधारण ३५ घनफूट बसतात, म्हणजे आपली गादी झाली ०.४२ घनमीटर. रिबॉन्डेड फोम म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून दाबलेला, तो साधारण ८० ते १०० डेन्सिटीचा येतो. तर अख्खी गादी त्याची असती तर वजन ३४ ते ४२ किलो भरायला पाहिजे होतं. आमची १९ भरली. चेन उघडली तर खाली दोन इंच रिबॉन्डेड, वर एक इंच मऊ फोम, आणि मधात तीन इंच पांढरी शीट, टीव्हीच्या खोक्यात पॅकिंगला येते तशी. त्याला ईपीई म्हणतात. नवी असताना कडक लागते, मग दबते ते दबतेच, परत उठत नाही. आम्ही कापूस विकताना पाव किलोसाठी व्यापाऱ्याशी भांडणारे लोक, आणि गादी मात्र डोळे मिटून घेतली.

आता एकेक घेऊ. आधी कापसाची, कारण ती आपली.

आईचं म्हणणं होतं घरी कापूस पडला आहे तर गादी इकत कायले घ्याची. बरोबर आहे, पण घरचा कापूस फुकट नसते. ६ बाय ५ च्या बऱ्यापैकी गादीला आमच्याकडं १६ किलो रुई घालतात. कापसातून रुई निघते साधारण तिसरा हिस्सा, बाकी सरकी. म्हणजे १६ किलो रुईला ४७ किलोच्या आसपास कापूस लागला. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल, त्या भावानं ३,८०० रुपयांचा कापूस गादीत गेला. सरकी परत येते, तेवढी ढोरांची सोय म्हणा. वर खोळीचं कापड, पिंजाई, टाके, शिलाई. सगळं धरून साडेपाच हजारापर्यंत जाते. विकतची तयार गादी तीन हजारात मिळते तेव्हा तिच्यात काय असेल ते समजून घ्या, बहुतेक वेळा गिरणीचा वेस्ट किंवा जुन्या कपड्यांचा पिंजलेला काळपट माल. कोपऱ्याची शिवण दोन बोटं उसवून दाखव म्हणायचं, दाखवत नसेल तर चालू पडायचं.

आरामाचं म्हणाल तर मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेल्यावर, कापसासारखी गादी नाही. घाम पिते, पाठ तापत नाही, संध्याकाळी गुंडाळून गच्चीवर नेता येते, अंगणात बाजेवर टाकता येते. पाहुणे आले की जमिनीवर. ढेकूण झाले तर वैशाखातल्या उन्हात दोन दिवस टाका. पण तिचं मन धरावं लागते. वर्षभरात दबते, गोळे होतात, दोन-तीन वर्षांत पिंजून घ्यावीच लागते आणि प्रत्येक पिंजणीत किलोभर तरी घट येते. पहिले पिंजारी दारात यायचा, धनुकलीचा टण्‌ टण्‌ आवाज गल्लीच्या टोकापासून ऐकू यायचा, अंगणभर रुई उडायची अन् आम्ही पोरं डोक्यात कापूस घेऊन शाळेत जायचो. आता तालुक्याला मशीनवर गाडी करून न्यावं लागते. हा खर्च अन् हेलपाटा कोणी धरत नाही. आणि पावसाळ्यात लहान लेकरानं ओली केली तर तीन दिवस वास.

काथ्याची, म्हणजे कॉयरची. नारळाच्या शेंड्या रबराच्या चिकात बसवलेल्या. हवा खेळते त्यामुळे उन्हाळ्यात ही पण गरम होत नाही, कडक असते, आमच्या लग्नात आलेली अशीच होती. पाच-सहा वर्ष छान गेली, नंतर मधले धागे तुटून भुसा गळायला लागला, पलंगाखाली झाडताना रोज तपकिरी धूळ. दर दोन-तीन महिन्यांनी उलटी-पालटी केली असती तर अजून टिकली असती, पण कोण करते. एक लक्षात ठेवा, हिला घडी चालत नाही. आमच्या मामानं भिंतीला टेकवून दुमडून ठेवली, कायमची कंबर मोडली तिची.

फोममध्ये तीन जाती समजा. रिबॉन्डेड वर सांगितली, जड, कडक, टिकाऊ, आणि पैशाच्या मानानं मला हीच सगळ्यात खरी वाटली. दुसरी साधी पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन फोमची, तिच्यात ३२ च्या खालची डेन्सिटी रोजच्या झोपायला घेऊच नका, ४० ची असली तर बरी. तिसरी मेमरी फोम, जिची सगळी जाहिरात असते. ही १९६६ मध्ये नासासाठी विमानातल्या बसायच्या गादीकरता शोधली होती. हिचा गुणच असा की उष्णतेनं मऊ होते, अंगाच्या गरमीनं विरघळल्यासारखी अंगाभोवती बसते. एसीच्या खोलीत चांगलं आहे ते. आपल्याकडं रात्री अकराला भिंती भट्टीसारख्या, लाइट गेली की कूलर बंद, अशात ती आधीच मऊ झालेली असते, माणूस आत रुततो अन् हवा लागायला जागा राहत नाही. उलट पौषात रात्री तीच गादी पाटासारखी कडक. वर्ध्याला एका पाहुण्याकडं मे मध्ये मी हिच्यावर झोपलो, पहाटे तीनला उठून खाली फरशीवर सतरंजी टाकली.

फोमला ऊन दाखवायचं नाही हे पण सांगून ठेवतो. आपल्या बायांना सवय असते, गादी म्हटली की उन्हात टाकायची. फोम उन्हानं पिवळा पडतो आणि भुरभुरा होतो. सावलीत हवेवर ठेवायचा. पावसाळ्यात खाली फरशीवर तर बिलकुल नाही, खालून ओल धरते. अन् पलंग लोखंडी पट्ट्यांचा असेल तर वर प्लायवूड टाका, नाहीतर पट्ट्यांच्या मधात फोम लटकतो अन् मग आपण कंपनीला शिव्या देतो.

स्प्रिंगची अन् लॅटेक्सची मी पाहिली फक्त. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असते त्यामुळे एक कुशीवर वळला तर दुसरा हालत नाही, आतून हवा पण राहते, पण मला सांगितलेला भाव पंधरा हजाराच्या पुढं. लॅटेक्स रबराच्या झाडाच्या चिकाचं, टिकते सगळ्यात जास्त, भाव ऐकून मी चहा पिऊन परत आलो.

ऑर्थोपेडिक या शब्दावर एक पैसाही जास्त देऊ नका. आईच्या नावानं मला चार दुकानांत हाच शब्द ऐकवला, कंबर दुखते तर एकदम कडकच घ्या म्हणे. उलट २००३ मध्ये 'द लॅन्सेट' या डॉक्टरी नियतकालिकात स्पेनमधला अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेले ३१३ लोक, काहींना कडक गादी दिली काहींना मध्यम कडक, ९० दिवसांनी मध्यमवाल्यांना जास्त आराम. आणि म्हाताऱ्या माणसाचा खरा प्रश्न झोपायचा नाही, उठायचा आहे. काठावर बसल्यावर गादी दबली तर गुडघ्यावर जोर येतो, म्हणून दुकानात झोपवण्याआधी त्यांना काठावर बसवून उठायला लावा. आईला मऊ गादीवरून उठताना माझा हात धरावा लागला, तिथंच ती बाद.

वॉरंटीचं पण बारीक वाचा. दहा वर्ष लिहिलेलं असते पण बहुतेकांत साधारण एक इंच खड्डा पडल्याशिवाय तक्रारच धरत नाहीत, आणि डाग पडला असेल तर वॉरंटी गेली. कंपनी-कंपनीत फार गुंतू नका, स्लीपवेलवाल्या शीला फोमनं २०२३ मध्ये कर्लऑन पण घेतली, म्हणजे दुकानदार ज्या दोघांची कुस्ती लावतो ते एकाच घरचे आहेत. ऑनलाइनवाले १०० रात्री वापरून पाहा म्हणतात, शहरात ठीक आहे, पण आधी पिनकोड टाकून गादी घरून परत नेतात का ते विचारा. गुंडाळीतून एकदा फुगली की ती मोटरसायकलवर तालुक्याला परत कशी न्याल.

मग आम्ही काय केलं. बहिणीचं सासर पुलगावकडं, नवं घर, दिवाण प्लायवूडचा, तिला ४ इंच रिबॉन्डेड वर १ इंच मऊ फोम अशी ५ इंची ठरवली, ९,८०० ला. ती म्हणे दादा मेमरी फोमच पाह्यजे, मैत्रिणीकडं आहे. मी म्हटलं एसी पण मैत्रिणीकडून आण. दोन दिवस बोलली नाही.

आईसाठी नवी घेतलीच नाही. त्या फसलेल्या गादीतली दोन इंची रिबॉन्डेड शीट चांगली होती, ती मधातून कापून ६ बाय अडीचची केली, तिच्या लोखंडी पलंगावर प्लाय टाकून बसवली, अन् वर घरच्या कापसाची पातळ गादी, ७ किलो रुईची, भरपूर टाके घातलेली. खालून आधार, वरून थंड, अन् उन्हात टाकायची ती फक्त वरची. खर्च अडीच हजार, कापूस धरून. उरलेली अर्धी शीट बाबांनी ओट्यावर नेली, दुपारचे आता तिथंच असतात.

बहिणीची गादी उचलायला गेलो तेव्हा दुकानदाराला म्हटलं वजन करून द्या. तो हसायला लागला, म्हणे भाऊ गादी काय किलोवर विकतात का, माझ्याकडं काटा नाही. रस्त्याच्या पलीकडं भंगारवाला होता, त्याच्या काट्यावर चौघांनी उचलून ठेवली. हिशोबानं फोमचे तीसच्या आसपास अन् कव्हरचे दोन धरले होते. ३२ किलो ४०० भरली. दुकानदार पण पाहायला आला होता.