मापाशिवाय हेल्मेट न विकणारे जळगावचे दुकान

एरंडोल, पारोळा किंवा भुसावळकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून रोज दुचाकीने ये-जा करणाऱ्यांनी हेल्मेट घेण्यापूर्वी जळगावातील या दुकानात एकदा अवश्य जावे. मी स्वतःसाठी आणि पत्नीसाठी येथूनच दोन हेल्मेट घेतली.

ग्राहकाने रंग किंवा किंमत विचारण्याआधीच दुकानदार टेप काढतात, भुवयांच्या किंचित वरून डोक्याच्या मागच्या उंचवट्याभोवती माप घेतात आणि त्या मापाचे हेल्मेट घालायला देतात. पट्टा लावून झाला की हेल्मेटची मागची कड धरून ते पुढच्या बाजूला ओढून पाहतात. ते डोक्यावरून सरकले तर कितीही आवडले असले तरी बाजूला ठेवतात. गाल थोडे दाबले जाणे योग्यच आहे, आतली गादी वापराने सैल पडते, हेही ते समजावून सांगतात. आपल्याकडे उन्हाळ्यात डोक्याला जाड रुमाल गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवण्याची सवय सर्रास दिसते, पण रुमाल काढताच तेच हेल्मेट ढिले होते. यावर पातळ सुती टोपी आणि काढून धुता येणारी गादी हा त्यांचा सल्ला मला पटला.

काउंटरवर मधोमध कापलेले एक जुने हेल्मेट ठेवले आहे. आतला थर्मोकोलसारखा थर स्वतः चेपून आघात झेलतो आणि एकदा चेपला की पूर्ववत होत नाही, हे त्यात स्पष्ट दिसते. म्हणूनच जोराने आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलावे लागते. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांच्या हेल्मेटना आयएसआय चिन्ह बंधनकारक असूनही रस्त्याकडेला भलतेच काही विकले जाते. येथे चिन्हालगतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर आपल्यासमोर तपासून दाखवतात. ही दोन मिनिटे मला फार मोलाची वाटतात.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काळ्या काचेची हेल्मेट येथे दर्शनी भागात मांडलेली असतात, परंतु अंधार पडल्यावर ती काच वापरणे धोक्याचे आहे हे कोणी आपणहून सांगत नाही. केळी किंवा कापूस भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या संध्याकाळनंतर ज्या रस्त्यांवर धावतात, तेथे पारदर्शक काचच हवी. लहान मुलांची मापे तर जवळजवळ नाहीतच. चार वर्षांवरील प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, कायद्याने हेल्मेट आवश्यक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेटसोबत चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टाही लागतो आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. शाळेसमोर मुलांना उघड्या डोक्याने उतरताना पाहिले की ही उणीव फार जाणवते.

दर रस्त्यावरच्या विक्रेत्यांपेक्षा जास्त आहेत, पण अवाजवी नाहीत. बिलावर मॉडेल आणि माप लिहून घ्यावे. न वापरलेले हेल्मेट त्या बिलावर बदलून मिळते.